न जेवता दिलेला निवाडा

कशेळीत कुणाच्या घरी भांडण पेटलं की ते हौसाला गावाच्या आधी कळायचं. कारण तिचा नवरा, केसरीनाथ तरे, त्या दिवशी सकाळची न्याहारी नको म्हणायचा. भांडण मिटवायला जायचं म्हणजे दोन घरी जेवायचं, आणि पोटात दोन घरांची जागा करायची तर ती सकाळपासूनच करायला हवी. एवढ्या दूरदृष्टीचा माणूस खाडीच्या या काठाला दुसरा नव्हता.

कुणी म्हणेल, हा पंच की पाहुणा? तर आमच्याकडे पंच आधी पाहुणाच असतो. ज्यांचं भांडण, त्या दोन्ही घरी त्यानं जेवायचं, हा रिवाज. एकाच घरी जेवला तर विकला गेला. दोन्ही घरी जेवला तर दोघांचा झाला. आणि कुठंच जेवला नाही तर तो आला कशाला, असं म्हातारी माणसं सरळ विचारायची.

यात नुसती चंगळ नव्हती हो. ओट्यावर बसून 'बोटभर जागा सोडणार न्हाय' म्हणून गरजणारा माणूस ताटावर बसला, दोन घास पोटात गेले की हळूच म्हणतो, 'तसा तो वाईट न्हाय, बायकोचं ऐकतो इतकंच.' हे दुसरं वाक्य केसरीनाथ पदराखालच्या कोंबडीसारखं लपवून दुसऱ्या घरी न्यायचा आणि तिथल्या ताटाशेजारी सोडायचा. एवढीच त्याची वकिली. तरुणपणी तो खाडीत डुबी मारून रेती काढायचा, त्यात उजवा कान कायमचा बसला. म्हणून जेवताना तो भांडणाऱ्याला डाव्या हाताला बसवायचा. गावातले टवाळ म्हणायचे की शिव्या उजव्या कानाशी आणि खरं डाव्या कानाशी, अशी त्यानं वाटणी करून ठेवलीय.

पुढे रेती बंद पडली, रस्त्यालगतच्या भातखाचरांवर गोदामं उठली, भाड्यावर घरं चालू लागली. माणसांच्या अंगावर सफारी आले आणि भांडणंही सफारीतली झाली. केसरीनाथानं मिटवलेलं असंच एक प्रकरण भिवंडीच्या कोर्टात गेलं, आणि साक्षीला उभं करून वकिलानं त्याला विचारलं, तुम्ही कोण? पंच. कुणी नेमलं? गावानं. कुठं लिहिलंय? केसरीनाथानं आजूबाजूला पाहिलं, जणू गाव मागच्या बाकावर बसलं असेल. कोर्टात हशा पिकला. घरी आल्यावर त्यानं हौसाला एवढंच सांगितलं की आज गर्दी फार होती. बाकीचं तिला शेअर रिक्षातल्या बायकांकडून कळलं, आणि तिच्याकडून आम्हां सगळ्यांना.

हे सगळं पोटात घालून तो गप्प बसलाही असता. पण दोन हजार सहा साली जानकीबाईच्या घरात फूट पडली.

जानकीबाई म्हणजे त्याच्या आईची लांबची बहीण, त्याची मावशी. खाडीतून काकडत वर आलेल्या केसरीनाथाला तिनं किती वेळा चुलीपाशी बसवून गरम पेज पाजली असेल, याची मोजदाद नाही. तिचे दोन मुलगे, थोरला महादू आणि धाकटा लडकू. खाडीकडचं जुनं घर दोघांचं, रस्त्यालगतचं गोदाम दोघांचं. गोदामाचा दर्शनी भाग कुणाचा आणि घर कुणाचं, यावरून भावांनी बोलणं टाकलं. दोघांनी वकील गाठले. म्हातारीनं केसरीनाथाला बोलावून घेतलं.

"केसऱ्या," ती म्हणाली, "जमीन त्यांची हाय, त्यांना कशीपण कापू दे. मना ही चूल सोडून दुसरीकडं टाकू नको. आणि टाकलंस तर एका पोराच्या दारात टाक, मधी टाकू नको."

केसरीनाथानं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "मावशी, तुझं मी बघतो." माणसं असली वाक्यं किती सहज बोलतात.

पण वकिलांनी पंचाला उडवून लावलं. गावकीचा कागद आम्ही मानणार नाही, म्हणाले. कायद्यातला पंच, म्हणजे लवाद, असेल तर बोलू. त्यातल्याच एकानं गमतीनं म्हणा की दयेनं म्हणा, सांगितलं की ठाण्यात लवादाच्या कामाचं प्राथमिक प्रशिक्षण सुरू होतंय, रविवारी वर्ग असतात, तुम्ही का नाही करत? केसरीनाथानं गंमत खरी धरली. लग्नासाठी शिवलेला सफारी काढला, वही घेतली आणि पन्नाशी उलटल्यावर शाळेत गेला.

वर्गात निवृत्त इंजिनिअर, हिशेबतपासनीस, दोनचार वकील. प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं कार्ड. दुपारच्या जेवणात पनीर. केसरीनाथानं घरी येऊन पहिली तक्रार केली ती कायद्याची नव्हे, पनीरची. पण शिकवणाऱ्या बाई त्याला मनापासून आवडल्या. चष्मा नाकावर ओढून त्या इंग्रजी मुद्दा सांगायच्या, मग त्याच्याकडे वळून तोच मराठीत. लवाद कसा नेमायचा, नातं असेल तर आधीच उघड कसं करायचं, दोन्ही बाजूंना सारखी संधी कशी द्यायची, निवाड्यात कारणं कशी लिहायची. केसरीनाथ जीव ओतून लिहून घ्यायचा. घरी हौसा विचारायची, काय शिकलात? तो म्हणायचा, आतापर्यंत चुकत होतो ते.

एका रविवारी बाईंनी नाटकातल्यासारखी खोटी सुनावणी लावली. दोन इंजिनिअर भांडणारे, केसरीनाथ लवाद. त्यानं एकाला बाहेर चहा प्यायला पाठवलं, दुसऱ्याला डाव्या हाताला बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, आता खरं सांग, काय हाय? वर्ग हसून हसून लोळला. बाई हसल्या नाहीत.

"तरे, बाहेर बसलेल्या माणसाला आत्ता काय वाटत असेल?"

"चहा पितोय ना तो."

"चहा पिताना काय वाटत असेल?"

गावात दुसरा माणूस बाहेर बसलेला नसतो, तो आपल्या घरी रात्रीच्या जेवणाला आणलेले बोंबील साफ करत असतो, हे त्या खोलीत सांगून कुणाला कळणार? मग बाईंनी मऊ आवाजात विचारलं, की दोन्ही घरी जेवता हे ठीक, पण एकाकडे मटण असलं आणि दुसऱ्याकडे नुसती डाळ, तर? सगळा वर्ग पुन्हा हसला आणि केसरीनाथही हसला. ठाण्याहून परतताना कशेळीच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा मात्र त्याला मटणवाली घरं एकेक करून आठवू लागली. त्यांतल्या कितींच्या बाजूनं आपण बोललो, हे आठवायला तो घाबरला. त्या दिवसापासून त्यानं कायद्याला देव मानलं. नव्यानं बाटलेला माणूस सोवळं जरा जास्तच पाळतो.

वर्ग संपले, प्रशस्तिपत्र मिळालं. हौसानं विचारलं, आता नेमकं करायचं काय? त्यानं सांगितलं, तीन गोष्टी. कुणाकडं जेवायचं नाही, कुणाशी एकट्यानं बोलायचं नाही आणि आपल्याकडं सोपवलंय त्याच्यापलीकडं बोलायचं नाही.

हौसा म्हणाली, "मंग तुमच्यापरीस देवळातली घंटा बरी. ती तरी वाजवली की वाजते."

महादू आणि लडकूनं लवाद नेमायच्या करारावर सह्या केल्या. केसरीनाथदादाच लवाद असू दे, यावर दोघांचं एकमत होतं. बहुधा त्यांना वाटलं असणार, नाव नवं आहे, माणूस तर आपलाच जुना. भिवंडीत धामणकर नाक्यावर सुताच्या दुकानावरची खोली ठरली. पहिल्या दिवशी केसरीनाथानं नाती उघड करायला सुरुवात केली. जानकीबाई मावशी, महादूची बायको हौसाच्या मावसबहिणीची नणंद, लडकूचा साडू आपल्या चुलत भावाचा व्याही. तो सांगतच राहिला. एक वकील मधे उठून तंबाखू मळून आला तरी दुसऱ्या पिढीचं चाललं होतं. दोघा वकिलांनी कंटाळून लिहून दिलं, हरकत नाही.

सुनावणीत काय चाललंय ते बाहेर कळू नये, असं वर्गात शिकवलं होतं. पण खालच्या मजल्याला लागून लूमचा कारखाना. खटाखट खटाखट. वकील ओरडल्याशिवाय केसरीनाथाच्या डाव्या कानालाही ऐकू जाईना. शेवटी असं झालं की दिवसपाळीच्या कामगारांना भावांची वाटणी तोंडपाठ झाली. त्यातला एक जण जिन्यात केसरीनाथाला अदबीनं म्हणाला, "चाचा, गोदाम का आगेवाला हिस्सा बड़े को दे दो, बात खतम." केसरीनाथ त्याच्याशी बोलला नाही. तो पक्षकार नव्हता, पण एकट्यानं बोलत होता ना.

मग डब्याचं झालं. एका सकाळी जानकीबाईनं वाकटी मासळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी भरून डबा धाडला. हौसा घ्यायला गेली, तेवढ्यात केसरीनाथ आतून आला आणि झाकण न काढता डबा परत दिला. निरोप असा की निवाडा होईपर्यंत नको, मावशीनं राग मानू नये. भरला डबा परत पाठवणं म्हणजे आमच्याकडे काय, हे वेगळं सांगायला नको. सुतकातल्या घराचा डबाही आम्ही असा परत करत नाही. दुपारपर्यंत महादूच्या घरी बोललं जाऊ लागलं, याचं पोट लडकूनं भरलंय. लडकूच्या घरी लडकूची बायको म्हणाली, आईचा डबा थोरल्याच्या सांगण्यावरून गेला असणार, तो याला पचला नाही म्हणजे आणखी काहीतरी मोठं पचलंय. एकाच रिकाम्या पोटावर दोन घरं दोन बाजूंनी आळ घेत होती. केसरीनाथाला हे कळलं तेव्हा तो चक्क खूश झाला. दोघांनाही संशय म्हणजे आपण बरोबर मधे आहोत, असं त्यानं हौसाला समजावलं. हौसानं कपाळाला हात लावला.

त्यातच महादूच्या मुलीचं, रीमाचं लग्न निघालं. आता आगरी माणसाच्या घरची हळद. लग्नाला नाही आलात तर माफ आहे, हळदीला नाही आलात तर माणूस मेला असला पाहिजे. महादू स्वतः दारात येऊन सांगून गेला, "दादा, निवाड्याचं निवाड्याला. पोरीला हळद लावायला ये." केसरीनाथ मान खाली घालून म्हणाला, "मला येता येणार न्हाय." महादू चप्पल घालून गेला.

हळदीच्या संध्याकाळी बेंजो सुरू झाला तशी हौसा नवी साडी नेसून निघाली. केसरीनाथ म्हणाला, तू पण जाऊ नये, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, माझं नाव तुमच्या कागदात न्हाय. तो एकटा घरात बसला, खिडकीकडे उजवा कान करून. तिकडे मांडवात गावानं हजेरी घेतली. सगळं गाव होतं. नव्हते फक्त दोघे. एक लडकू, तो भांडणापायी आला नव्हता. दुसरा केसरीनाथ. आता गावाचं गणित काय सांगणार? दोघे गैरहजर, म्हणजे दोघे एक. मटणाची दुसरी पंगत उठेपर्यंत ते सिद्ध झालं होतं.

पुढच्या सुनावणीला महादू आला आणि म्हणाला, "नमस्कार, साहेब." जन्मभर दादा म्हणणारा माणूस. केसरीनाथाच्या हातातलं पेन खाली पडलं, ते त्यानं बराच वेळ शोधलं.

शेवटच्या सुनावणीत त्याला मावशीला दिलेला शब्द आठवला. दोन्ही वकिलांचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, आणि आईचं काय? जन्मात कधी एकमत न झालेले दोन्ही वकील एकदम उठले. हा मुद्दा सोपवलेलाच नाही, म्हणाले. आईनं दावा केलेला नाही, मुलांनी तसं मागितलेलं नाही. यावर एक ओळ लिहाल तर सगळा निवाडा कोर्टात पडेल. बरोबर होतं. बाईंनी हेच शिकवलं होतं, आणि त्यानं वहीत खाली रेघ मारून घेतली होती.

तरी त्यानं महादूकडे पाहिलं, मग लडकूकडे. या दोघांना आपापल्या घरी ताटावर गाठलं असतं तर दोघांच्या तोंडून 'आई माझ्याकडं राहील' निघालं असतं, हे त्याला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. पण इथे जो आधी बोलेल तो घरावर हक्क सांगतोय असं ठरणार होतं, आणि वकिलांचे हात आपापल्या माणसाच्या गुडघ्यावर होते. खाली लूम चालू होते. केसरीनाथानं लिहिलं, युक्तिवाद पूर्ण.

निवाडा त्यानं झकास लिहिला. खोटं कशाला बोला, वकिलांनीसुद्धा मान डोलावली. गोदामाचा दर्शनी मोठा भाग महादूला, मागचा भाग आणि खाडीकडचं जुनं घर लडकूला. प्रत्येक गोष्टीचं कारण दिलेलं. नातं नाही, रुसवा नाही, एका शब्दात मीठ नाही की मिरची नाही. गावात एवढा निःपक्ष कागद कधी झाला नव्हता, आणि गावात तो कुणालाच आपला वाटला नाही.

महादूनं ठाण्याच्या कोर्टात अर्ज टाकला, निवाडा रद्द करा. कारण काय, तर लवाद पक्षपाती. मुलीच्या हळदीला बोलावूनही आला नाही, विरुद्ध पक्षासारखाच वागला. आपण कुणाकडे गेलो नाही म्हणून पक्षपाती ठरतोय, हे वाचून केसरीनाथाला हसू आलं आणि ते मधेच अडकलं. त्या वेळचा कायदाच असा होता की अर्ज दाखल झाला की निवाड्याचा अंमल आपोआप थांबायचा. तो थांबला.

आणि मग जानकीबाईची पंचाईत झाली. ती जुन्या घरातल्या मधल्या खोलीत राहायची, बाकीच्या घरात लडकू, आणि महादू वेगळ्या घरी. महादूच्या वकिलानं त्याला बजावलं, आईला तुमच्याकडे नेऊ नका. ती तुमच्या वतीनं त्या खोलीत आहे, तोवर घरात तुमचा ताबा आहे असं म्हणता येतं. महादूनं ऐकलं. लडकूला ते कळलं, आणि त्या दिवसापासून त्याला खोलीत आई दिसेनाशी झाली, भावानं लावलेलं कुलूप दिसू लागलं. त्यानं मधलं दार विटांनी बुजवून घेतलं. चूल त्याच्या बाजूला गेली, म्हातारी या बाजूला राहिली. दोघांपैकी कुणीतरी तिला रॉकेलचा स्टो आणून दिला, तो कुणी दिला हेही दोघे कबूल करीनात, उद्या कोर्टात अंगाशी येईल म्हणून.

केसरीनाथ बरेच दिवस तिकडे फिरकला नाही. हौसा म्हणायची, लाज वाटते तर तसं सांगा, कायदा कशाला पुढं करता? शेवटी एका दुपारी तो गेला. खोलीत खाट, स्टो आणि भिंतीला टेकून बसलेली मावशी. रागावली नव्हती, तेच वाईट होतं. तिनं त्याला सवयीनं स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं, म्हणजे त्याचा बरा कान तिच्याकडे होईल.

"डबा परत धाडलास ना," ती म्हणाली, "त्या दिवशी पाठोपाठ मी येनार होते तुझ्याकडं. जेवताना तुला सांगाचं होतं."

"काय सांगायचं होतं?"

"महादूला मी राजी केलं होतं. घर धाकट्याला सोड, मी तुझ्याकडं येते, तुझ्या पोरांत राहते. तो हो बोलला होता. लडकूपुढं आपल्या तोंडानं बोलाचा न्हाय, तेवढा कमीपणा घेनारा न्हाय तो. तुझ्या तोंडानं जायाचं होतं."

बाहेर रस्त्यावर ट्रेलर उलटा घेताना क्लीनर ओरडत होता, आने दो, आने दो.

"मावशी, सुनावणीत का न्हाय सांगितलंस?"

"मना कोणी बोलावलं तिथं? मी कुठं होते तुमच्या कागदात?"

तो म्हणाला, हो, नव्हतीस. मग ती जरा पुढे सरकली आणि लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाली, "अजून काय बिघडलंय? आता जा आनि सांग त्यांना. तुझं ऐकतील. तू लवाद हायस ना."

आता हे तिला कसं सांगायचं? शेवटच्या वर्गातला धडाच तो होता. निवाडा दिला की लवादाचं काम संपतं, त्यानंतर त्याला त्या प्रकरणात काही अधिकार उरत नाही. त्यानं ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

"मंग आता अधिकार कोणाला हाय?"

"कोर्टाला."

"कोर्ट घरी येतं काय माझं ऐकाला?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. तरीही तो उठला आणि तसाच महादूकडे गेला. अधिकार नसला तरी पाय होते. महादू अंगणात होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं, अगदी रीतीनं. केसरीनाथानं मावशीचं सगळं सांगितलं, कळकळीनं सांगितलं. महादूनं ऐकून घेतलं. एकदा त्याचे डोळे भरल्यासारखे झाले, असं केसरीनाथाला वाटलं. मग तो म्हणाला, "साहेब, तुम्ही वकिलांशी बोला. मी काय बोललो तर ते तिकडं लिहितात."

केसरीनाथ मावशीला सांगायला परत आला. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. तारीख पुढच्या महिन्यात होती, ती पडली की त्याच्या पुढची पडणार होती. निघताना त्यानं विचारलं, काही हवंय का. ती म्हणाली, खिडकी तेवढी लावून घे. भिंतीपलीकडे लडकूच्या घरात चूल पेटली होती आणि धूर तिच्या खोलीत येत होता.